कॉम्प्युटर आणि आर्ट्स दोन्ही शिकायचंय, तर कॉलेज कसं निवडायचं?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी बारावी विज्ञानाला आहे, गणित आणि प्रोग्रॅमिंग चांगलं आहे, पण इतिहास आणि भाषा सोडायला ती तयार नाही. इंजिनिअरिंगला गेली तर वाचन सुटेल, आर्ट्सला गेली तर कॉम्प्युटर सुटेल. दोन्ही नीट शिकवणारं कॉलेज कुठलं, आणि ते ओळखायचं कसं?

कॉलेजांची नावं पुढे येतीलच, पण आधी ओळखायचं कसं ते पाहू. 'मल्टिडिसिप्लिनरी' हा शब्द आता प्रत्येक माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर असतो, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. एका आवारात कॉम्प्युटरचाही विभाग आहे आणि इतिहासाचाही आहे, एवढ्यावर जोड तयार होत नाही. अभ्यासक्रमात निदान एक जागा अशी लागते, जिथे दोन्हीकडचं ज्ञान लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही आणि ते काम तपासायला दोन्हीकडचे शिक्षक बसलेले असतात. कॉलेज निवडताना शोधायची ती हीच जागा.

म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद संगणकाकडून वाचून घ्यायचे आहेत असं समजा. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, त्यामुळे अक्षरं साठवायची सोय झाली. पण जुन्या मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले असतात. शब्द कुठे तोडायचा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही. त्यात कागदावरचं वर्ष शुहूर सनातलं, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरांत वापरल्या जाणाऱ्या कालगणनेतलं, तेही अरबी अंकशब्दांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ११७३. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढताना कधी ५९९ मिळवायचे, कधी ६००. मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून वाचायला शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवण्यासाठी आधी हजारो ओळी माणसाने अचूक वाचून द्याव्या लागतात, आणि ज्याला दफ्तरातली भाषा माहीत नाही तो त्या चुकीच्या वाचून देतो. मॉडेल मग त्या चुका इमानाने शिकतं. उलट, नुसतं मोडी येणाऱ्याला मॉडेल कुठे आणि का घसरतंय हे मोजता येत नाही. ही दोन्ही कामं एकाच विद्यार्थिनीला थोडी थोडी करायला लावतो तो जोड-अभ्यासक्रम. ट्विटरवरचा मजकूर उतरवायचा, तयार प्रोग्रॅम-लायब्ररीत घालायचा आणि 'लोकभावना विश्लेषण' म्हणून प्रोजेक्ट द्यायचा, याला जोड म्हणू नये. त्यात ना भाषाशास्त्र असतं, ना कॉम्प्युटर सायन्स.

आता पडताळणी. कॉलेजच्या संकेतस्थळावरून पूर्ण अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या. जाहिरातीचं पत्रक नको, सत्रवार विषय आणि क्रेडिट दिलेला तक्ता हवा. तो छापा आणि चार रंगांनी खुणा करा.

पहिला रंग कॉम्प्युटरच्या गाभ्याला: प्रोग्रॅमिंग, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, संगणक रचना, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क, थिअरी ऑफ कम्प्युटेशन; आणि गणितात लिनिअर अल्जिब्रा व संभाव्यता. यातले अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा संभाव्यता गायब असेल आणि त्या जागी एखाद्या सॉफ्टवेअरच्या नावाचे विषय असतील, तर तो अभ्यासक्रम कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, कॉम्प्युटर सायन्स शिकवत नाही. जोड-अभ्यासक्रमात सगळ्यात आधी कात्री लागते ती इथे, कारण क्रेडिट कुठून तरी काढावीच लागतात.

दुसरा रंग मानव्यविद्येतल्या एकाच विषयाला. पाच-सहा पेपर एकाच विषयाचे आणि चढत्या क्रमाने हवेत, आणि त्यातला एक तरी पद्धतीचा हवा: इतिहासात साधनचिकित्सा, भाषाशास्त्रात ध्वनी आणि वाक्यरचनेचं विश्लेषण, समाजशास्त्रात क्षेत्रकार्य. सिनेमाची ओळख, मानसशास्त्राची ओळख, तत्त्वज्ञानाची ओळख असे आठ 'ओळख'वाले पेपर करून काहीच हाताला लागत नाही. सगळीकडे ओळखी होतात, पण पुढे नेणारं कुणी नसतं.

तिसरा रंग महत्त्वाचा, कारण फसगत इथे होते. बिझनेस कम्युनिकेशन, व्यावसायिक नीतिमत्ता, उद्योजकता, व्यवस्थापनाची तत्त्वं हे विषय कागदावर 'ह्युमॅनिटीज' या शीर्षकाखाली येतात. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात अभियांत्रिकी पदवीच्या १६० क्रेडिटांपैकी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि व्यवस्थापन मिळून १२ क्रेडिट आहेत. एक क्रेडिट म्हणजे १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. म्हणजे चार वर्षांत १८० तास, आणि त्यातून इंग्रजी संवादकौशल्य आणि व्यवस्थापन वजा केलं की काय उरतं ते तुम्हीच बघा. बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे विषय एफ.ई., म्हणजे पहिल्या वर्षाचा विभाग सांभाळतो. तिथले शिक्षक कमी प्रतीचे असतात असं नाही, पण त्या विभागाला स्वतःची पदवी नसते, वरच्या वर्षाचे विद्यार्थी नसतात, संशोधनही फारसं नसतं. अशा ठिकाणी मानव्यविद्या हा विषय वाढत नाही.

चौथा रंग जोडपेपरांना: संगणकीय भाषाशास्त्र, डिजिटल इतिहास, नकाशांवर आधारलेला इतिहास किंवा समाजअभ्यास, तर्कशास्त्र आणि मनाचं तत्त्वज्ञान, मानव-संगणक आंतरक्रिया, तंत्रज्ञानाचा इतिहास आणि समाजशास्त्र, ग्रंथसंपादनाची संगणकीय साधनं. शेवटच्या वर्षाचा प्रबंध दोन मार्गदर्शकांकडे करता येत असेल तर तोही यातच धरा.

किती क्रेडिट असली म्हणजे बरं? माझं माप असं: चार वर्षांच्या पदवीत कॉम्प्युटरचा गाभा पन्नासच्या खाली नको, मानव्यविद्येतल्या एका विषयाची वीस तरी हवीत आणि जोडपेपर व प्रबंध मिळून बारा ते पंधरा. हे आकडे कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत. पण पहिल्या रंगात तीस आणि चौथ्यात शून्य दिसलं, तर फी कितीही कमी असो, आपल्याला हवी ती गोष्ट तिथे नाही.

तक्ता चांगला दिसला तरी थांबा. कागदावरचे ऐच्छिक विषय प्रत्यक्षात लागतीलच असं नसतं. कारणं अगदी साधी असतात: शिक्षक रजेवर किंवा सोडून गेला, किमान विद्यार्थिसंख्या भरली नाही, पेपरची वेळ कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकावर आदळली, किंवा ऐच्छिक विषयांचं वाटप सीजीपीएच्या (सरासरी श्रेणीगुणांच्या) क्रमाने झालं आणि जागा संपल्या. म्हणून मागच्या चार सत्रांची खरी वेळापत्रकं मागा. 'तुमच्याकडे संगणकीय भाषाशास्त्र आहे का' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येईल. 'ते शेवटचं कधी शिकवलं गेलं आणि किती जण बसले होते' असं विचारा.

यानंतर नावं.

हैदराबादची ट्रिपल आयटी या प्रश्नाचं भारतातलं सगळ्यात थेट उत्तर आहे. तिथे बीटेक कॉम्प्युटर सायन्ससोबत संगणकीय भाषाशास्त्रात संशोधनाधारित एमएस, किंवा 'कम्प्युटिंग अँड ह्यूमन सायन्सेस' मध्ये एमएस, असे पाच वर्षांचे दुहेरी पदवी अभ्यासक्रम आहेत. भाषातंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र आणि 'एक्झॅक्ट ह्युमॅनिटीज' नावाचं केंद्र याच संस्थेत आहे, त्यामुळे जोडपेपर शिकवणारे त्यावरच काम करत असतात. प्रवेश जेईईवर न देता यूजीईई या स्वतंत्र परीक्षेतून देतात. त्यात विषयज्ञानाचा आणि संशोधनाचा कल पाहणारा असे दोन भाग असतात आणि नंतर मुलाखत. मुलाखतीत 'तुम्हाला भाषा का आवडते' यापेक्षा एखादं अनोळखी भाषेचं कोडं समोर ठेवून विचार कसा करता ते पाहिलं जाण्याची शक्यता जास्त. तयारीसाठी भाषाशास्त्र ऑलिंपियाडची जुनी कोडी सोडवायला लावा. धोका एकच: एमएसला संशोधन-प्रबंध लागतो आणि प्रबंध लांबला की पाच वर्षांची सहा होऊ शकतात. जिला संशोधन नको आहे, नुसती चांगली शाखा हवी आहे, तिने हे दार मागचं दार समजून वापरू नये. दुसऱ्या वर्षापासून ओझं होतं.

दिल्लीच्या ट्रिपल आयटीत 'कॉम्प्युटर सायन्स अँड सोशल सायन्सेस' हा चार वर्षांचा बीटेक आहे. इथे मानव्यविद्येपेक्षा सामाजिक शास्त्रांकडे झुकाव आहे: अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र. इतिहास-साहित्यवाल्यांना थोडं अपुरं वाटेल, धोरण आणि समाजाच्या डेटात रस असणाऱ्यांना चांगलं. प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर, दिल्लीच्या संयुक्त समुपदेशनातून, म्हणजे एकत्रित जागावाटपाच्या फेऱ्यांतून. मात्र ८५ टक्के जागा बारावी दिल्लीत केलेल्यांसाठी असतात. महाराष्ट्रातल्या मुलांना उरलेल्या १५ टक्क्यांत यावं लागतं, म्हणून मागच्या वर्षीचा 'आउटसाइड दिल्ली' चाच कटऑफ बघा. दुसरा बघून आशा लावून बसणारे दरवर्षी असतात.

बिट्स पिलानी, म्हणजे आपल्या बाजूला गोव्याचा झुआरीनगरचा कॅम्पस. तिथे एमएससी इकॉनॉमिक्सला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षानंतर बीई कॉम्प्युटर सायन्स जोडता येतं, एकूण पाच वर्षं. शिवाय तत्त्वज्ञान-अर्थशास्त्र-राज्यशास्त्र यांचा एकत्र मायनर (मुख्य पदवीसोबत घ्यायचा छोटा दुय्यम विषय) आणि इंग्रजी अभ्यासाचा मायनर आहे. यातला सापळा नीट समजून घ्या. दुसरी पदवी कुठली मिळणार हे पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर ठरतं आणि कॉम्प्युटरसाठी सगळ्यात जास्त चुरस असते. ते न मिळता दुसरी कुठली शाखा मिळाली तरी चालेल का, हा प्रश्न घरात प्रवेशाआधी बोलून घ्या.

आयआयटींमध्ये मानव्यविद्या विभाग भक्कम असतात, मायनर करता येतो, आणि आयआयटी मुंबईचं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र हिंदीबरोबरच मराठी वर्डनेटसाठीही (शब्दांचे अर्थसंबंध दाखवणाऱ्या संगणकीय कोशासाठीही) ओळखलं जातं. पण कॉम्प्युटर शाखेपर्यंत पोचणारा जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक फार थोड्यांना मिळतो. तो मिळेल असं गृहीत धरून योजना आखू नका. मिळाला तर मायनर तिथे गेल्यावर ठरवता येतो.

पुण्याचं फ्लेम, सोनीपतचं अशोका, आंध्रातल्या श्री सिटीचं क्रिया, अहमदाबाद युनिव्हर्सिटी ही खासगी विद्यापीठं मेजर-मायनर पद्धतीची आहेत. लेखन, चर्चासत्र, लांब निबंध हा भाग इथे बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा चांगला असतो, आणि इतिहासाचा शिक्षक इतिहासच शिकवत असतो. तपासायचं ते पहिल्या रंगातलं: ऑपरेटिंग सिस्टीम आणि अल्गोरिदम मेजरमध्ये सक्तीचे आहेत की ऐच्छिक. दुसरं, पदवी बहुधा बीएससी किंवा बीए असते, बीटेक नसते; अहमदाबादला मात्र बीटेकही आहे. काही कंपन्यांची कॅम्पस भरती 'फक्त बीई-बीटेक' अशी असते. ही अट मूर्खपणाची आहे, पण आहे. प्लेसमेंटचा आकडा मागताना कॉम्प्युटर मेजरचा वेगळा मागा, सगळ्या विद्यापीठाचा एकत्र नको. खर्च यांतल्या बऱ्याच ठिकाणी निवासासह वर्षाला दहा लाखांच्या आसपास किंवा जास्त जातो. गरजेवर आधारित सवलत असते, तिचा अर्ज बहुधा प्रवेश अर्जाबरोबरच करावा लागतो. या विद्यापीठांच्या फेऱ्या बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होतात, निकालापर्यंत थांबलात तर सवलतीचे पैसे संपलेले असू शकतात.

बहुतेकांना मात्र घराजवळचं, परवडणारं कॉलेज हवं असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांना १६० ते १७६. मेजर, मायनर, आणि दुसऱ्या विद्याशाखेतले खुले ऐच्छिक विषय. मायनर स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा घेता येतो, म्हणजे बीएससी कॉम्प्युटर सायन्सला इतिहास किंवा भाषाशास्त्र मायनर घेणं नियमात बसतं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मायनर म्हणून गणित, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र हेच मिळतं, कारण विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी आणि आर्ट्सचे तास सकाळी असं वेळापत्रक जुळवायला प्राचार्यांना दोन विभागांना एकत्र बसवावं लागतं. ज्या कॉलेजात विज्ञान आणि कला या दोन्ही विद्याशाखा एकाच आवारात, एकाच पाळीत आहेत, तिथे हे जमण्याची शक्यता जास्त. प्रवेशाआधी उपप्राचार्यांना भेटून 'कॉम्प्युटर मेजरच्या किती विद्यार्थ्यांनी यंदा कलाशाखेचा मायनर घेतला' हे विचारा. एक जरी असेल तर वाट आहे. शून्य असेल तर ती वाट तुम्हालाच पाडावी लागेल, आणि अठरा वर्षांच्या मुलीने कार्यालयाशी भांडत बसावं अशी माझी इच्छा नाही.

दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे आणि मला तो अनेकांसाठी अधिक चांगला वाटतो. चांगल्या कॉलेजात बीए भाषाशास्त्र, इतिहास, संस्कृत किंवा तत्त्वज्ञान घ्यायचं आणि सोबत आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधला ऑनलाइन बीएस करायचा. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. या अभ्यासक्रमाला जेईई लागत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. आधी चार आठवड्यांचा मजकूर आणि गृहपाठ, मग पात्रता परीक्षा. पायाभूत टप्प्यात आठ विषय आणि ३२ क्रेडिट: गणित, संख्याशास्त्र आणि इंग्रजीचे प्रत्येकी दोन, कम्प्युटेशनल थिंकिंग आणि पायथॉन. पुढे डिप्लोमा, ११४ क्रेडिटांवर बीएससी आणि १४२ वर बीएस. मध्येच थांबलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र हाती येतं. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार शुल्कात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

इथे बिघडतं ते वेळेचं गणित. एका विषयाला आठवड्याला साधारण दहा तास लागतात. बीए पूर्णवेळ करताना सत्रात दोन विषय पेलतात, चार घेतले की दोन्हीकडे घसरण होते. प्रश्नमंजुषा आणि सत्रान्त परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि डिसेंबरची सत्रान्त परीक्षा आपल्या विद्यापीठांच्या हिवाळी परीक्षांच्या अंगावर येऊ शकते. त्या सत्रात एकच विषय घ्या. आणखी एक उणीव म्हणजे हा मार्ग दोन्ही विषय देतो, जोड देत नाही. ती स्वतः करावी लागते: बीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प संगणकीय घ्यायचा आणि त्यासाठी बाहेरचा दुसरा मार्गदर्शक शोधायचा. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावरचे पेपर महाविद्यालय मान्य करत असेल तर तीही क्रेडिट जमा होतात. मान्यता आधी लेखी घ्यावी, नंतर मागितली की नियम सापडत नाहीत.

अकरावीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी, कारण खरं नुकसान तिथेच होतं. महाराष्ट्र मंडळात दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं, आणि गुणांसाठी बहुतेक विज्ञानवाले तसंच करतात. पुढे भाषाशास्त्र किंवा जुन्या साधनांवर काम करायचं असेल तर मराठी किंवा संस्कृत ठेवा. आयटीमध्ये जे शिकवतात ते एका उन्हाळ्यात भरून निघतं, दोन वर्षांचं भाषेचं वाचन निघत नाही. आणि आर्ट्सला जाणाऱ्यांनी गणित ठेवावं. कला शाखेलाही गणित व संख्याशास्त्र हा विषय घेता येतो, फक्त ते शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय शोधावं लागतं. विज्ञान आणि कलेचा पेपर एक, वाणिज्यचा वेगळा. आर्ट्सवाल्यांना बीटेक बहुतेक ठिकाणी बंदच असतं कारण भौतिकशास्त्र लागतं, पण गणित असेल तर बीसीए आणि पुढे एमसीए सोपं जातं. गणित नसलं की एमसीएच्या पात्रतेपाशी अडखळायला होतं.

परदेशाचा विचार असेल तर अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना-शँपेन बघा. तिथे २०१४ पासून 'सीएस प्लस एक्स' आहे: भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, पुढे तत्त्वज्ञान, संगीत वगैरे. कॉम्प्युटरचा गाभा थोडा आखडता, दुसरा विषय पूर्ण, आणि दोन्ही मिळून एक पदवी. प्रवेश अर्जातच ही शाखा लिहावी लागते, नंतर बदलून आत शिरणं फार अवघड. स्टॅनफर्डने त्याच वर्षी इंग्रजी आणि संगीतापासून असाच प्रयोग सुरू केला आणि २०१९ मध्ये बंद केला. विद्यार्थी फारसे आले नाहीत, कारण दोन विभागांच्या अटींचं ओझं एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यावर आलं. त्याच विद्यापीठातला 'सिम्बॉलिक सिस्टिम्स' हा अभ्यासक्रम मात्र १९८६ पासून चालू आहे. तर्कशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आणि कॉम्प्युटर यांतून त्याने स्वतःचा वेगळा गाभा बनवला आहे. दोन तक्ते एकाखाली एक चिकटवणं आणि तिसरा नवा तक्ता मांडणं यांतला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. ऑक्सफर्डचा 'कॉम्प्युटर सायन्स अँड फिलॉसॉफी' २०१२ पासूनचा. तीन वर्षांत बीए, चौथ्या वर्षात पदव्युत्तर दर्जाची पदवी. ज्याला तर्कशास्त्र मनापासून आवडतं त्यालाच घाला. अर्ज करण्यापूर्वी राज्य मंडळाची बारावी तिथे ग्राह्य आहे का ते पाहा, नाहीतर वर्ष जातं. अमेरिकेबाबत आणखी एक बारकावा: पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, आणि आणखी चोवीस महिने मिळणं हे पदवीच्या सीआयपी कोडवर (विषयाच्या सरकारी वर्गीकरण क्रमांकावर) अवलंबून असतं. जोडपदवीचा कोड कॉम्प्युटरच्या बाजूचा आहे की मानव्यविद्येच्या, हे विद्यापीठाला पत्र लिहून विचारा. नावात 'कॉम्प्युटर' असणं पुरेसं नाही.

आणि पदवीला जोड मिळालीच नाही तर? मग साधी, भक्कम पदवी कुठल्याही एका विषयात घ्या आणि पदव्युत्तरला जोडा. हैदराबादच्या इफ्लूत (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात) संगणकीय भाषाशास्त्रात एमए आहे, हैदराबाद विद्यापीठाच्या संस्कृत अध्ययन विभागात संस्कृतचं संगणकीय व्याकरण हे मुख्य काम आहे, आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये एमएससी आणि 'सोसायटी अँड कल्चर' मध्ये एमए आहे, आयआयटी जोधपूरला डिजिटल ह्युमॅनिटीजमध्ये एमएससी. पुण्यात डेक्कन कॉलेजचं भाषाशास्त्र आहे. तिथे संगणक कमी, पण भाषेचा पाया पक्का होतो. जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये 'बिचित्रा' हा रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा आणि छापील आवृत्त्यांचा ऑनलाइन संग्रह उभा केला, पाठभेद लावून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसह. चांगल्या जोडकामाचा नमुना म्हणून मुलीला तो एकदा उघडून दाखवा. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्येचा एक्सएच पेपर आहे: सामान्य क्षमता १५ गुण, आकलन व तर्क २५, आणि अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी एक ६० गुणांना. इतिहास त्यात नाही. बीटेक झालेली मुलगी हा पेपर देऊ शकते, आणि बीए झालेली मुलगी कॉम्प्युटर सायन्सचा.

कॉलेजला प्रत्यक्ष भेट द्याल तेव्हा प्रवेश कक्षात वेळ घालवू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे दोन विद्यार्थी गाठा आणि एवढंच विचारा: मागच्या वर्षी सगळ्यात लांब काय लिहिलंस, ते कुणी तपासलं, समासात काही शेरे होते का? मग ग्रंथालयात जाऊन मागच्या वर्षीच्या प्रबंधांची यादी मागा. दोन मार्गदर्शकांची, दोन वेगळ्या विभागांची नावं असलेले प्रबंध किती, ते मोजा. मुलाखती घेऊन, स्वतः जमवलेल्या साधनांवर केलेले प्रबंध दिसले तर चांगलं लक्षण. सगळ्यांचा डेटा एकाच संकेतस्थळावरून उतरवलेला असेल तर काय चाललंय ते समजून जा.

तुमच्या मुलीचं, तुम्ही सांगितलंत त्यावरून: हैदराबादचा यूजीईई पहिला, बिट्सची प्रवेश परीक्षा बिट्सॅट दुसरी, जेईई मेन आणि सीईटी तर देणारच आहे. यूजीईई साधारण मे महिन्यात होते आणि अर्ज त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात, बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत ती तारीख हुकते. घराजवळच्या दोन कॉलेजांत मायनरची चौकशी जानेवारीतच करून ठेवा, जूनमध्ये कुणाला बोलायला वेळ नसतो. आणि निव्वळ सीईटीवर एखाद्या साध्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली, तर ती घेण्यापूर्वी बीए अधिक मद्रासच्या बीएसचा हिशेब शेजारी मांडून बघा: चार वर्षांची फी, आठवड्याचे तास, आणि चार रंगांतली क्रेडिट.